डाव्या बाजूला ‘दुर्लक्ष’?

प्रश्न : पक्षाघातावरची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. ‘हेमिस्पॅशियल निग्लेक्ट’ला ‘एकांगी दुर्लक्ष’ चालेल का? कोशातलं ‘उपेक्षा’ वाचून मलाच हसू आलं.

प्रतिसाद : ‘दुर्लक्ष’ नकोच. मराठीत दुर्लक्ष कोणीतरी करतं, म्हणजे दोष आलाच. ‘रुग्ण डावीकडे दुर्लक्ष करतो’ असं छापलंत की घरचे दिवसभर ‘बाबा, लक्ष द्या ना’ म्हणत बसतील. बहुतेकदा मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेली असते आणि डावी बाजू आहे हेच मनात येत नाही. ताटातली उजवीकडची भाजी-आमटी संपते, डावीकडची चटणी-कोशिंबीर जिथल्या तिथे. ताट फिरवून द्या, तीही खातात. दाढीसुद्धा अर्धीच होते.

प्रतिसाद : म्हणजे डाव्या डोळ्याने दिसत नाही, असंच ना?

प्रतिसाद : नाही, आणि ही गल्लत घरोघरी होते. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसांचे अर्धे धागे वाटेत बाजू बदलतात, त्यामुळे डावीकडचं सगळं दृश्य, दोन्ही डोळ्यांचं, उजव्या मेंदूत पोचतं. तिथे मागच्या भागाला मार बसला की दोन्ही डोळ्यांतली डावी बाजू जाते. याला ‘अर्धांधत्व’ म्हणा. लोक बिचारे चष्मा बदलून आणतात! पण अशा माणसाला कमतरता उमगली की तो मान वळवून बघायला शिकतो. निग्लेक्टमध्ये मान वळवायची गरजच वाटत नाही.

१९७८मध्ये बिझियाक आणि लुझ्झात्ती या इटालियन संशोधकांनी मिलानमधल्या निग्लेक्ट असलेल्या रुग्णांना तिथला कॅथेड्रलसमोरचा चौक नुसता आठवायला सांगितला. आधी कॅथेड्रलकडे तोंड करून, मग कॅथेड्रलकडे पाठ करून. दोन्ही वेळा डावीकडच्या इमारती गळाल्या. पहिल्यांदा गाळलेल्या दुसऱ्या वेळी उजवीकडे आल्या, तर बरोबर सांगितल्या. आठवणीतल्या चौकातही डावी बाजू नाही! याला दृष्टिदोष कसं म्हणणार?

प्रश्नकर्ती : मग ‘भान हरपणे’?

प्रतिसाद : भान गाण्यात हरपतं. ‘डाव्या बाजूचं भान नसणे’ लिहा, लांब असलं तरी चालेल. संज्ञा एकदाच देवनागरीत द्या. ‘अर्धावकाशभानलोप’ वगैरे जोडकाम कृपया नको.

प्रश्नकर्ती : आणि ‘व्हिज्युअल अ‍ॅग्नोशिया’? ‘दृष्टी-अज्ञान’ सुचतंय.

प्रतिसाद : व्युत्पत्तीने चोख. फ्रॉइडने १८९१मध्ये वापरलेल्या त्या शब्दातलं ग्रीक ‘ग्नोसिस’ आणि आपलं ‘ज्ञान’ एकाच कुळातले. पण मराठीत ‘अज्ञान’ म्हटलं की माणूस अडाणी ठरतो. अशा काही रुग्णांना किल्ली दिसते, तिचं चित्र पाहून हुबेहूब काढता येतं, तरी ती काय आहे ते सांगता येत नाही. हातात दिली की लगेच ‘किल्ली!’ म्हणजे विसरणंही नव्हे. मी सरळ ‘दिसतं पण ओळखू येत नाही’ लिहीन. आणि कंसात ‘स्मृतिभ्रंश नव्हे’ एवढं जरूर टाका, नाहीतर घरचे बदाम भिजत घालायला लागतील.