टचपॅड बंद, नमपॅड नाही: एच-जे-के-एल वर कर्सर चालवतोय, पण झटके देतो

टिंबटिंब (प्रश्न)

विंडोज 11, पायथॉन 3.10, पायनपुट लायब्ररी (कळा ऐकणारी आणि माउस चालवणारी). टचपॅड बंद पडलाय आणि लॅपटॉपला नमपॅड (उजवीकडचा आकड्यांच्या कळांचा गट) नाही, म्हणून विंडोजमधल्या तयार माउस कीज (नमपॅडने कर्सर हलवायची सोय) वापरता येत नाहीत. कॅप्स लॉक दाबून धरायचं आणि एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे, असं ठरवलंय. स्पेस म्हणजे डावं क्लिक. सध्या ऑन-प्रेसमध्ये (कळ दाबली की चालणारं फंक्शन) अक्षर तपासतो आणि कर्सर 10 पिक्सेल सरकवतो. अडचणी अशा:

1. कळ दाबून धरली की कर्सर एक पाऊल टाकतो, थांबतो, मग धक्के खात निघतो.
2. तिरका जात नाही. जे आणि एल एकत्र दाबले तर एकाच दिशेला जातो.
3. मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरीची कळ-मांडणी) चालू केलं की प्रोग्रॅम मुका होतो.
4. कर्सर हलतो, पण खालच्या खिडकीत अक्षरंही उमटतात.
5. अ‍ॅडमिन म्हणून उघडलेली खिडकी समोर असली की काहीच चालत नाही.

नवीन माउस घ्या हे उत्तर नको :)

---

साधासरळ

माउस नको तर यूएसबीचा सुटा नमपॅड घ्या. डावा ऑल्ट + डावा शिफ्ट + नमलॉक दाबलं की माउस कीज चालू. 8, 2, 4, 6 सरळ दिशा, 7, 9, 1, 3 तिरक्या, 5 क्लिक, + डबल क्लिक. 0 ने पकडून ओढायचं, टिंबाने सोडायचं. उजव्या क्लिकसाठी आधी वजाची कळ, मग 5. परत डाव्यावर यायला भागाकाराची. सेटिंगमध्ये तशी खूण केली असेल तर कंट्रोल धरला की वेग वाढतो, शिफ्ट धरला की कमी होतो. एक ओळही कोड लागत नाही.

---

अर्धविराम

पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे: तुम्ही कर्सरची चाल कळेच्या घटनेला बांधली आहे. कळ धरून ठेवली की येतात त्या ऑटो-रिपीटच्या घटना. पहिली लगेच येते, मग सेटिंगप्रमाणे पाव ते एक सेकंद शांतता, आणि मग सेकंदाला जास्तीत जास्त 30 च्या आसपास. हा हिशोब टायपिंगसाठी केलेला आहे, हालचालीसाठी नाही. शिवाय रिपीट फक्त शेवटी दाबलेल्या कळेचीच होते. जे धरून वर एल दाबलात की जे च्या घटना थांबतात, म्हणून तिरकं जमत नाही.

कामं वेगळी करा. कळेच्या घटनेने फक्त ‘आत्ता कोणकोणत्या कळा दाबलेल्या आहेत’ हा संच अद्ययावत करायचा. कर्सर हलवायचा तो वेगळ्या थ्रेडमधल्या (समांतर चालणाऱ्या कामातल्या) लूपने, त्या संचाकडे बघून. सांगाडा मराठीतच देतो, कुठल्याही भाषेत उतरवता येईल:

दर 8 मिलिसेकंदांनी:
— मागच्या फेरीपासून प्रत्यक्ष गेलेला वेळ मोजा (50 मिलिसेकंदांपेक्षा जास्त भरला तर 50 धरा)
— आडवी दिशा = (एल दाबलेला ? 1 : 0) − (एच दाबलेला ? 1 : 0), उभी तशीच, जे आणि के वरून (‘? 1 : 0’ म्हणजे असेल तर 1, नाहीतर 0)
— दोन्ही शून्य असतील तर वेग आणि बाक्या (अजून न सरकवलेले अपूर्णांक) शून्य करून पुढच्या फेरीला
— दोन्ही शून्येतर असतील तर दोघींना 0.7071 ने गुणा
— बाकी += दिशा × वेग × वेळ (आडवी आणि उभी बाकी स्वतंत्र)
— बाकीतला पूर्णांक तेवढा कर्सरला द्या आणि बाकीतून वजा करा

‘बाकी’ वगळायचा मोह होईल, वगळू नका. समजा सुरुवातीचा वेग सेकंदाला 120 पिक्सेल आहे. 8 मिलिसेकंदांत अंतर होतं 0.96. पूर्णांक घेतला की 0, म्हणजे कर्सर जागचा हलतच नाही. आणि पूर्णांकासाठी फ्लोअर (खालचा पूर्णांक घेणारं फंक्शन) वापरलं असेल तर आणखी गंमत: +0.96 चं 0 होतं, −0.96 चं −1. कर्सर डावीकडे आणि वर जातो, उजवीकडे आणि खाली जात नाही. लोक मग दिशेच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. पायथॉनचं इंट शून्याच्या दिशेने छाटतं, तेच वापरा.

वेगासाठी: कळ दाबताक्षणी 1 पिक्सेल, मग 120 मिलिसेकंद काहीच नाही, मग वेग सेकंदाला 120 पिक्सेलपासून 1500 पर्यंत 0.7 सेकंदात वर्गाच्या वक्राने चढवा. म्हणजे वेग = 120 + 1380 × (वेळ ÷ 0.7)², आणि पुढे 1500 वर स्थिर. चढणीत साधारण 406 पिक्सेल जातात, उरलेले 1514 एका सेकंदात. 1920 रुंदीचा पडदा सुरुवातीची थांब सोडून 1.7 सेकंदांत पार. टिचकी मारली तर नेमका एक पिक्सेल, त्यामुळे खिडकी बंद करायची बारीकशी फुलीही चुकत नाही. सरळ रेषेत वेग वाढवला तर मधल्या अंतरांना हात बसत नाही, वर्गाने बसतो. जोडीला एफ धरला की वेग सहाव्या हिश्श्यावर आणा.

आणखी एक: पायथॉन 3.10 मध्ये 8 मिलिसेकंदांची स्लीप प्रत्यक्षात 15.6 पर्यंत ताणली जाते, कारण विंडोजचा मूळ टायमर तेवढ्याने टिकटिकतो. 3.11 पासून स्लीप जास्त अचूक टायमर वापरते. जुनंच ठेवायचं असेल तर सुरुवातीला विनएमएम या विंडोजच्या लायब्ररीमधलं टाइम-बिगिन-पीरियड(1) बोलवा. तसंही वेळ मोजूनच गुणताय, त्यामुळे वेग चुकणार नाही, फक्त हालचाल कमी गुळगुळीत दिसेल.

---

कळसूत्री

3, 4 आणि 5 बद्दल.

इनस्क्रिप्टमध्ये एच च्या जागी प, जे च्या जागी र, के च्या जागी क आणि एल च्या जागी त आहे. तुम्ही अक्षर तपासताय, आणि प्रोग्रॅमला ‘एच’ ऐवजी ‘प’ मिळतो. अक्षर बघूच नका, स्कॅनकोड बघा. तो कळेच्या जागेचा असतो, भाषेचा नाही: एच 35, जे 36, के 37, एल 38, स्पेस 57, कॅप्स लॉक 58, एफ 33. फोनेटिक टायपिंगची काही साधनं स्वतः कळा पाठवतात. त्या घटनेच्या फ्लॅग्जमध्ये (खुणांच्या आकड्यात) 16 चा बिट लागलेला असतो. तो दिसला की तुमच्या कोडने काहीही न करता घटना पुढे जाऊ द्यावी.

अक्षरं उमटू नयेत म्हणून पायनपुटमध्ये सप्रेस=ट्रू देऊ नका, सगळा कीबोर्डच बंद होईल. विन32-इव्हेंट-फिल्टर नावाचं फंक्शन द्या. त्यात निरोप (256 कळ खाली, 257 कळ वर) आणि स्कॅनकोड दोन्ही मिळतात. हवी ती कळ असेल तर संच अद्ययावत करा आणि सप्रेस-इव्हेंट बोलवा. क्रम महत्त्वाचा आहे: सप्रेस-इव्हेंट अपवाद फेकून बाहेर पडतं, त्यामुळे पुढची ओळ चालत नाही आणि ऑन-प्रेसही बोलावलं जात नाही. संचाचं काम त्याच्या आधीच उरकायचं. ऑल्ट धरलेला असताना निरोप 260 आणि 261 होतात, तेही हाताळा, नाहीतर कळ ‘वर’ आल्याचं कळणारच नाही.

एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: जिची ‘खाली’ गिळली तिची ‘वर’ पण गिळायची; जिची ‘खाली’ जाऊ दिली तिची ‘वर’ पण जाऊ द्यायची. माणूस जे सोडायच्या आधी कॅप्स सोडतो, हे हमखास होतं. मधल्यामध्ये नियम बदललात तर समोरच्या प्रोग्रॅमला अर्धीच घटना मिळते. कॅप्स लॉकच्या दोन्ही घटना गिळल्या की त्याचा दिवाही लागत नाही.

फिल्टरमध्ये प्रिंट, फाइलमध्ये लिहिणं, कर्सर हलवणं यातलं काही करू नका. हा लो-लेव्हल हुक आहे, प्रत्येक कळ त्यातून जाते. त्याने फार वेळ घेतला तर विंडोज 7 पासून पुढे प्रणाली असा हुक गुपचूप काढून टाकते. प्रोग्रॅम चालू दिसतो, पण ऐकत नाही.

पाचवी तक्रार ही चूक नाही, संरक्षण आहे. कमी अधिकाराच्या प्रोग्रॅमला जास्त अधिकाराच्या खिडकीच्या कळा ऐकू येत नाहीत आणि तिला कळा-क्लिक पाठवताही येत नाहीत. सेंडइनपुट (कळा-क्लिक पाठवणारं विंडोजचं फंक्शन) अशा वेळी अपयशही सांगत नाही, परतीच्या आकड्यावरून काही कळत नाही. तुमचा प्रोग्रॅम अ‍ॅडमिन म्हणून चालवा. टास्क शेड्यूलरमध्ये ‘सर्वोच्च अधिकारांनी चालवा’ ही खूण करून लॉगिनला लावला की दरवेळी परवानगीची चौकट येत नाही. ती चौकट मात्र स्वतंत्र सुरक्षित डेस्कटॉपवर येते, तिथे काहीच चालणार नाही. टॅब आणि एंटर वापरा.

---

गतिरोधक

वर सेंडइनपुटचा उल्लेख आलाय म्हणून: हालचालीसाठी त्याचा सापेक्ष प्रकार वापरू नका. सापेक्ष सरकण्यावर विंडोजचा स्वतःचा पॉइंटर वेग आणि ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ (हालचालीच्या वेगाप्रमाणे अंतर कमी-जास्त करणारी सोय) लागू होतं. तुमचा वक्र गुणिले विंडोजचा वक्र, आणि 40 पिक्सेल मागितले की 40 मिळतीलच असं नाही. गेटकर्सरपॉसने जागा घ्या, बेरीज करा, सेटकर्सरपॉसने ठेवा. दर फेरीला जागा नव्याने घेतली की मध्येच खरा माउस हलला तरी भांडण होत नाही.

---

अर्धविराम

@गतिरोधक, डेस्कटॉपवरच्या कामाला बरोबर. रॉ इनपुट (माउसची कच्ची हालचाल) वाचणाऱ्या खेळांना मात्र सेटकर्सरपॉसची हालचाल दिसत नाही, तिथे सापेक्ष सेंडइनपुटच लागतं. सीटाइप्सने (पायथॉनमधून विंडोजची फंक्शन्स बोलवायची लायब्ररी) सेंडइनपुट स्वतः बांधत असाल तर 64 बिटवर इनपुट स्ट्रक्चर 40 बाइटचं भरलं पाहिजे. 28 भरत असेल तर शेवटचा एक्स्ट्रा-इन्फो रकाना तुम्ही 4 बाइटचा धरलाय. तो पॉइंटरएवढा, 8 बाइटचा हवा. आकार चुकला की फंक्शन 0 परत देतं आणि काहीच हलत नाही.

स्केलिंग (पडद्यावरचं सगळं मोठं दाखवायची सेटिंग) 150 टक्के असेल तर सुरुवातीलाच एसएचकोअर या विंडोजच्या लायब्ररीमधलं सेट-प्रोसेस-डीपीआय-अवेअरनेस(2) बोलवा. नाहीतर 1920 चा पडदा प्रोग्रॅमला 1280 चा दिसू शकतो आणि गणितं फसतात. मुख्य पडद्याच्या डावीकडे दुसरा मॉनिटर असेल तर तिथले आडवे आकडे ऋण असतात, त्यामुळे ‘0 पेक्षा कमी नको’ अशी अट घालू नका.

---

टिंबटिंब

लूप वेगळा केला, स्कॅनकोड घेतले. पहिल्या चारही तक्रारी गेल्या, तिरकाही छान जातो. अ‍ॅडमिनचं बघतो. आता दोन नव्या. स्पेस जरा जास्त वेळ दाबली की दोन-तीन क्लिक होतात, आणि ओढून मजकूर निवडता येत नाही. दुसरं, विंडोज + एल ने पडदा कुलूपबंद करून परत आलो की कर्सर आपोआप उजव्या कडेला जाऊन चिकटतो.

---

कळसूत्री

पहिलं पुन्हा ऑटो-रिपीटच. स्पेसची ‘खाली’ आली आणि ती आधीच संचात असेल तर फक्त गिळा, बाकी काही करू नका. क्लिक हे एकसंध काम म्हणून पाठवू नका: स्पेस खाली = माउसचं बटण खाली, स्पेस वर = बटण वर. ओढणं त्यातूनच फुकट मिळतं. डबल क्लिकसाठी मूळ सेटिंगला 500 मिलिसेकंदांच्या आत दोन क्लिक लागतात आणि दरम्यान कर्सर फार तर एक-दोन पिक्सेल सरकलेला चालतो, म्हणून दिशेची कळ आधी सोडा.

दुसरं: विंडोज + एल मध्ये एल ची ‘खाली’ तुम्हाला मिळाली, ‘वर’ मात्र कुलूपाच्या पडद्यावर गेली. एल संचातच अडकला. गेट-असिंक-की-स्टेटने खात्री करावीशी वाटेल, पण तुम्ही गिळलेली कळ तिथे दाबलेली दिसतच नाही. त्यापेक्षा: कॅप्स धरलेला नसेल तर दिशेच्या कळा संचात घालूच नका, कॅप्स सुटला की संच पूर्ण रिकामा करा, माउसचं बटण खाली असेल तर तेही वर करा. आणि 4 सेकंदांत कळेची एकही घटना आली नाही तरी संच रिकामा. पडदा पार करायला दोन सेकंदही लागत नाहीत, तेव्हा हे कुणाला जाणवणार नाही.

---

पेंग्विनपाडा

लिनक्सवाल्यांसाठी: वेलँडवर (लिनक्सची नवी पडदा-प्रणाली) साध्या प्रोग्रॅमला कर्सर हवा तिथे ठेवता येत नाही, त्यामुळे एक्सडूटूल (कमांडने कर्सर हलवणारं साधन) छापाचे उपाय तिथे लंगडे. कळा इव्हडेव्हमधून (उपकरणांच्या घटना देणारा लिनक्सचा भाग) वाचा (0 वर, 1 खाली, 2 रिपीट, 2 सरळ सोडून द्या) आणि यूइनपुटने (आभासी उपकरणं बनवणारा भाग) आभासी माउस तयार करा. स्कॅनकोडचे वरचे आकडे इथेही तेच चालतात. उपकरण जाहीर करताना आडवी-उभी सापेक्ष हालचाल आणि डावं बटण, तिन्ही सांगा, नाहीतर ते माउस म्हणून ओळखलं जात नाही. प्रत्येक हालचालीनंतर सिन-रिपोर्ट (‘घटना पूर्ण झाली’ ही खूण) पाठवा. उपकरण तयार केल्यावर एखादा सेकंद थांबा, नाहीतर सुरुवातीच्या घटना हवेत जातात. कीबोर्ड ग्रॅब करण्याआधीही (कळा फक्त आपल्याच प्रोग्रॅमकडे वळवण्याआधी) अर्धा सेकंद थांबा: टर्मिनलवर एंटर मारून प्रोग्रॅम सुरू केलात आणि त्याची ‘वर’ ग्रॅबने खाल्ली, तर एंटर अडकून ओळींवर ओळी पडत राहतात.

---

गतिरोधक

चाल बसली की उडीचाही विचार करा. पडद्याचे 3 × 3 भाग, क्यू-डब्ल्यू-ई, ए-एस-डी, झेड-एक्स-सी या नऊ कळांना एकेक. कळ दाबली की कर्सर त्या भागाच्या मध्यावर आणि तोच भाग पुन्हा नऊ तुकड्यांत. 1920 × 1080 वर चार दाबांत 24 × 13 पिक्सेलची चौकट उरते, म्हणजे बहुतेक बटणांवर थेट नेम. लांबच्या उडीला हे, शेवटच्या चार पिक्सेलना एच-जे-के-एल. लिनक्स आणि मॅकवर वॉर्पडी नावाचा तयार प्रोग्रॅम अशी उडी मारून देतो.

एवढ्या कळा एकत्र धरायच्या तर आधी नोटपॅड उघडून तुमच्या कीबोर्डची परीक्षा घ्या. कॅप्स, जे, एल आणि स्पेस एकत्र धरल्यावर चौथी नोंदवली जातेच असं नाही. स्वस्त कीबोर्डच्या जाळीत काही त्रिकुटं एकमेकांना झाकतात आणि त्यावर कोडमध्ये इलाज नाही. तसं निघालं तर कॅप्स धरून ठेवण्याऐवजी एकदा दाबून चालू, पुन्हा दाबून बंद करा. एक कळ मोकळी होते. मग संच रिकामा करायचा तो कॅप्स सुटताना नाही, दुसऱ्यांदा दाबताना.