‘परात्मता’ की ‘गमत नाही’?

(चार गावचे चौघं बोलतात; नावाऐवजी गाव दिलं आहे.)

आर्णी : कॉलेजात शनिवारी दिग्दर्शक त्साय मिंग-लियांग यांचा ‘व्हिव्ह लामूर’ हा चित्रपट दाखवतो आहे. तैवानचा, १९९४चा, त्या वर्षी व्हेनिस चित्रपट महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन, मिळाला होता. तैपेईतला एक रिकामा फ्लॅट. तो विकायला काढलेली एजंट बाई, रस्त्यावर कपडे विकणारा एक, अस्थिकलशांचे कप्पे विकणारा दुसरा. तिघंही तिथं येतात-जातात, बोलणं जवळपास नाही. फळ्यावर दोन ओळी लिहायच्या आहेत. ‘परात्मता दाखवणारा संथ चित्रपट’ असं लिहिलं तर पोरं पुढं निघून जातील. परात्मतेला, म्हणजे एलियनेशनला, स्वतःपासून आणि इतरांपासून परकं वाटण्याला, बोलण्यातला शब्द सांगा.

वर्धा : सर, परात्मता चूक नाही, पण तिच्यामागं मार्क्सची १८४४ची हस्तलिखितं उभी राहतात : कामगार आणि त्यानंच घडवलेली वस्तू यांच्यातला परकेपणा. ‘तुटलेपण’ चालेल.

पांढरकवडा : तुटायला आधी जुळलेलं लागते ना ताई! हे तिघं जुळले कधी? आपल्याकडं सरळ म्हणतात, ‘गमत नाही’. तिकडं पुण्याकडं ‘करमत नाही’. कंटाळा कशाचा तरी येतो, अभ्यासाचा, कामाचा. गमत नसलं तर ‘कशाचं?’ असं विचारताच येत नाही. आमच्या फाट्यावर रोज संध्याकाळी पोट्टे बसतात. एक डी.एड. झालेला, एक आयटीआयवाला, एक पोलीस भरतीत धावून आलेला. तिघांच्या हातात मोबाइल, तिघं तीन दिशेला पाहात. एकाले म्हटलं, घरी काऊन जात नाही रे? ‘घरी गमत नाही.’ मग इथं गमते काय? ‘इथंबी नाही.’

वर्धा : पण गमत नाही हे तात्पुरतं असतं, भाऊ. नव्या नवरीला विचारतातच, ‘गमलं का?’ हॉस्टेलातल्या पोरालाही. म्हणजे पुढं गमेल ही आशा त्या शब्दातच आहे. या सिनेमात ती कुठं? शेवटी ती बाई बागेतल्या बाकावर बसून रडते. कॅमेरा सहाएक मिनिटं हलत नाही. मधे सिगारेट पेटवते, वाटतं सावरली, आणि पुन्हा रडू लागते.

पांढरकवडा : म्हणूनच ‘कुठंच’ जोडा. ‘कुठंच गमत नाही’ म्हटलं की आशा संपली.

राजुरा : ‘संथ’ मात्र राहू द्या. लोक संथ आणि रटाळ एकच समजतात. जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ पाहा, आमच्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावातला. २०२३ला टोरोंटोच्या चित्रपट महोत्सवातून आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार घेऊन आला. मुलगी पाटावर बसते, पाव्हणे तेच ते प्रश्न विचारतात. दुसऱ्यांदा ऐकताना रटाळ वाटते. त्यानंतर मात्र पोटात गोळा येतो, कारण उत्तर तिच्याआधी आपल्याला पाठ झालेलं असते. रटाळ सिनेमात तसा गोळा येत नाही, जांभई येते.

आर्णी : मग असं लिहितो : ‘कुठंच न गमणारी तीन माणसं.’

वर्धा : नको सर, तसं वाचलं तर ती माणसंच दुसऱ्याला नकोशी आहेत असं वाटेल. गमतं ते माणसाला, माणूस गमत नाही. ‘ज्यांना कुठंच गमत नाही अशी तीन माणसं’ लिहा.

पांढरकवडा : आणि ‘ग’वर टिंब पडू देऊ नका. ‘गंमत नाही’ झालं तर हॉल रिकामाच राहील. सिनेमा ११८ मिनिटांचा आहे, दोनला सुरू करा. नाहीतर खेड्यावरच्या पोरांची एसटी चुकते.