बाळाच्या सुती कपड्यांसाठी पिवळा आणि केशरी नैसर्गिक रंग : सल्ला हवा

मोगरी
नमस्कार मंडळी. नणंदेला मार्गशीर्षात बाळ होणार आहे. आजेसासऱ्यांची मऊ झालेली जुनी धोतरं आहेत, त्यांची झबली-दुपटी शिवायची आहेत. शिवण्याआधी कापड घरीच रंगवावं असं मनात आहे. पिवळा आणि केशरी, दोन्ही हवेत आणि दोन्ही झाडापानांतलेच. हळद उन्हात उडते हे ठाऊक आहे. मग दुसरं काय? पारिजातकाचे देठ, पळस, शेंदरी, कांद्याची सालं अशी नावं ऐकली आहेत. कुणी केलंय का?

रंगरेषा
मोगरी, फूल कुठलं हे नंतर बघू. सुती कापडावर रंग धरतो तो आधीच्या तयारीमुळे. रेशमावर, लोकरीवर तुरटी सहज बसते, सुतावर नुसती तुरटी नीट बसत नाही. म्हणून आधी हिरडा द्यायचा. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुताला धरतं, तुरटी त्या टॅनिनला, आणि रंग तुरटीला. आंध्रातले कलमकारीवालेही कापड आधी हिरड्यातूनच काढतात.

धोतरांत नीळ आणि खळ असणारच, ती आधी पूर्ण काढा. नाहीतर पिवळ्यावर हिरवट झाक येते. धुण्याचा सोडा टाकून तासभर उकळा, पाणी बरंच मळकट निघेल. मग स्वच्छ धुऊन घ्या. १०० ग्रॅम कोरड्या कापडाला २० ग्रॅम हिरडापूड कोमट पाण्यात भिजवायची, गाळायची, कापड त्यात रात्रभर. सकाळी पिळून सावलीत वाळवा. तेव्हाच कापड फिकट पिवळसर झालेलं दिसेल. मग १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून पुन्हा रात्रभर. हिरडापूड काष्ठौषधीच्या दुकानात मिळते.

आता पिवळा. माझं मत सरळ झेंडूला. दसऱ्याची तोरणं उतरली की टाकू नका, शेजाऱ्यांचीही मागून घ्या. फक्त पाकळ्या खुडायच्या, खालचा हिरवा भाग राहिला तर रंग मळकट येतो. सावलीत वाळवा आणि कापडाच्या वजनाइतक्या पाकळ्या घ्या. पाऊण तास मंद उकळायच्या, गाळायच्या, त्या पाण्यात कापड तासभर मंद आचेवर, अधूनमधून हलवत. तसंच गार होऊ द्या. पातेलं स्टीलचंच घ्या. लोखंडी कढईत हाच पिवळा शेवाळी होतो, हिराकस (लोखंडाचा क्षार) घातल्यासारखा. आणि हे पातेलं पुन्हा स्वयंपाकात घ्यायचं नाही.

सुरंगी
शेंदरीबद्दल मी सांगते, आमच्या परड्यात झाड आहे. काटेरी लाल बोंडं असतात, वाळली की फुटतात. आतल्या बियांवर मेणासारखा थर असतो, नुसत्या चिमटीत धरल्या तरी बोटं केशरी. बटर-चीजला जो पिवळसर रंग देतात तो याचाच. पण साध्या पाण्यात तो फारसा उतरत नाही. तेलात उतरतो, नाहीतर सोड्याच्या पाण्यात. रेशमावर फार गोड केशरी येतो, मात्र उन्हात टिकत नाही. रोज धुवायच्या दुपट्याला नको.

पिंपळपान
पळसाचंही तसंच. आमच्या विदर्भात फाल्गुनात रान पेटल्यासारखं दिसतं. फुलं रात्रभर भिजवली की पिवळं पाणी, चिमूटभर चुना टाकला की केशरी. धुळवडीला याच्यासारखा रंग नाही, पण कापडावर पक्का राहत नाही. शिवाय तुमचं काम मार्गशीर्षाआधीचं आणि फुलं होळीची.

मोगरी
रंगरेषा, किती नीट सांगितलंत! झेंडू नक्की. मग केशरी कशातून काढू? आणि झेंडूचा पिवळा तो कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तोच का?

रंगरेषा
नाही, तो वेगळा. अंड्याचा बलक पिवळा व्हावा म्हणून झेंडूचा जो अर्क देतात त्यात ल्युटीन नावाचं पिवळं द्रव्य असतं, ते पाण्यात विरघळत नाही. आपण उकळतो तेव्हा पाण्यात उतरतात ती फ्लेव्होनॉइडं, म्हणजे दुसरीच पिवळी रंगद्रव्यं, तुरटीला तीच धरतात. कांद्याच्या सालीतही याच जातीचं द्रव्य असतं.

केशरी एका फुलातून काढायच्या नादी लागू नका. आधी झेंडूचा पिवळा चढवा आणि त्यावर मंजिष्ठा, म्हणजे लाल रंग देणारी मुळी. मंजिष्ठेची पूड १०० ग्रॅम कापडाला २० ते ३० ग्रॅम. पाणी हाताला चांगलं गरम लागेल इतपतच तापवा, उकळी नको, उकळलं की तपकिरी होतं. दर दहा मिनिटांनी एक टोक उचलून बघा आणि हवी ती छटा दिसली की काढा. ओलं कापड गडद दिसतं, वाळल्यावर उतरतं, तेव्हा किंचित पुढे जाऊन थांबा.

सुरंगी
एक महत्त्वाचं. दुकानात शेंदरी मागाल तर बिया बघूनच घ्या. देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर शिशाचा असतो, तो बाळाच्या वस्तूंजवळही नको.

ओवी
कांद्याच्या साली भाजीवाल्याकडे पोतंभर फुकट मिळतात. आधी एका तुकड्यावर करून बघा. हिरडा दिलेल्या सुतावर त्यांचा रंग सोनेरी तपकिरीकडे झुकतो, मला आवडतो, पण झबल्याला झेंडूच उजवा. डाळिंबाची सालही चांगली, मोहरीसारखा पिवळा देते.

मोगरी
तुकडे कापून ठेवले. आणि धुवायचं कशाने?

रंगरेषा
रिठ्याने किंवा सौम्य साबणाने, गार पाण्यात. डिटर्जंटच्या खाराने छटा बदलते. वाळत सावलीतच घाला. रंगवल्यावर लगेच शिवू नका, पाणी स्वच्छ येईपर्यंत दोनतीनदा खळबळून घ्या, म्हणजे सुटा रंग आणि उरलेली तुरटी निघून जाईल. बाळ कापड तोंडात घालणारच.

मोगरी
हो, ते करेनच. हिरडा आजच आणते, तुकड्यांचे फोटो इथेच टाकते.