महाबळेश्वरकडची काळी फळं: रानटी ब्लॅकबेरी की रासबेरी?

रानवाट:
महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यात कुंपणांवर एक काटेरी झुडूप दिसतं. फांद्या कमानीसारख्या वाकलेल्या, फळ आधी लाल, मग जांभळट काळं. झाडं ओळखणाऱ्या ॲपने फळाच्या फोटोवरून 'रुबस फ्रुटिकोसस', म्हणजे ब्लॅकबेरी सांगितलं. फळांच्या फांदीवर प्रत्येक पानाला तीनच पर्णिका (एकाच पानाचे सुटे छोटे भाग) मोजल्या. जात नक्की करायला काय काय बघावं?

काटेकुटे:
आधी एक पूर्ण पिकलेलं फळ हलकेच ओढा. पांढरा गाभा देठावरच राहिला आणि फळ टोपणासारखं पोकळ निघालं तर रासबेरीचा गट. गाभा फळाबरोबर आला तर ब्लॅकबेरी. कच्च्या फळावर ही परीक्षा करू नका. त्याचा गाभा सुटत नाही आणि रासबेरीही ब्लॅकबेरी वाटते. रंगावर तर अजिबात जाऊ नका.

माझा कौल रुबस निवियसला, म्हणजे म्हैसूर रासबेरीला. खात्रीसाठी:

खोड: कोवळेपणी पांढरी लव. ती गेली की जांभळट सालीवर द्राक्षावर असतो तसा पांढरा थर, बोटाने पुसला जातो. काटे बहुतेक वाकडे.

पान: 5 ते 9 पर्णिका, कधी 11. उलटं करून बघाच, खालची बाजू पांढरी, लवदार असते. 'निवियस' म्हणजे बर्फासारखं. वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्गने दिलेलं नाव.

फूल गुलाबी, साधारण 1 सेंमी. फळ 8 ते 12 मिमी, आणि पिकल्यावरही दाण्यांवर बारीक करडी लव राहते. ब्लॅकबेरी चकचकीत काळी दिसते. नुसत्या फळाच्या फोटोत ही लव आणि पोकळी दोन्ही हरवतात, म्हणून ॲप फसतं.

पानाफुलांत:
तीन पर्णिकांचा घोळ नेहमीचा आहे. रुबसचा, म्हणजे रासबेरी-ब्लॅकबेरीच्या गटातल्या झुडपाचा, धुमारा सहसा पहिल्या वर्षी नुसता वाढतो, दुसऱ्या वर्षी त्यावर फुलं-फळं येतात. फळांच्या फांदीवरची पानं लहान, पर्णिकाही कमी. बुंध्यातून यंदा फुटलेला, बिनफुलांचा धुमारा शोधा आणि त्याच्या मधल्या भागातलं पान मोजा.

पर्णिकांची मांडणीही बघा. निवियसच्या पर्णिका गुलाबाच्या पानासारख्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना जोडीने, टोकाला एक. फ्रुटिकोसस गटात 3 ते 5 पर्णिका सावरीच्या पानासारख्या एकाच बिंदूतून पसरतात. शिवाय 'फ्रुटिकोसस' ही एकच जात नव्हे, युरोपातल्या शेकडो सूक्ष्म जातींचं (बारीकशा फरकाने वेगळ्या मानलेल्या) ते गाठोडं आहे. त्यामुळे ॲपचं ते उत्तर तसंही ढोबळच.

खोडावर तांबूस राठ केसांची दाटी, तीन पर्णिका, पांढरी फुलं आणि पिवळं फळ असेल तर ती रुबस इलिप्टिकस, कुमाऊंमधला हिसालू.

रानवाट:
फळ पोकळ निघालं. धुमाऱ्यावर 7 पर्णिका, खालून पांढऱ्या. पण शेजारच्या झुडपावरही काळ्या दाण्यांचे घोस आहेत. काटे आहेत, पानं साधी, समोरासमोर, चुरगळली की उग्र वास.

काटेकुटे:
पहिलं निवियसच. दुसरी घाणेरी! रुबसची पानं एकाआड एक असतात, घाणेरीची समोरासमोर आणि खोड चौकोनी. तिच्या घोसातला प्रत्येक दाणा वेगळा सुटतो. रासबेरीचे दाणे एकमेकांना चिकटून अख्खं फळ येतं. घाणेरीची हिरवी फळं विषारी, मुलं सोबत असतील तर हे आधी सांगून ठेवा.

नोंद करणार असाल तर पाच फोटो पुरतात: धुमाऱ्याचं पान वरून, तेच खालून, काट्यांसह खोड, फूल, आणि उभं चिरलेलं फळ. प्रत्येकात मोजपट्टी ठेवा. खोडावरच्या पांढऱ्या थराचा फोटो हात लावायच्या आधी घ्या.