विजयदुर्गच्या बंदराकाठी सावकाश फिरण्यासाठी कोणती वेळ निवडावी?

प्रश्न (धानकरी, अर्जुनी मोरगाव तालुका)
भारी धानाची मळणी उरकल्यावर, मार्गशीर्षात, आईबाबांना घेऊन विजयदुर्गला जाण्याचा विचार आहे. वाघोटन खाडीच्या मुखाशी असलेल्या बंदराच्या कडेने सावकाश चालावे, थकल्यावर बसावे आणि होड्या पाहाव्यात, एवढाच हेतू आहे. आमचे आजवरचे सगळे फिरणे नवेगाव बांधाच्या पाळीवर झालेले असल्यामुळे, दिवसातून दोनदा चढणाऱ्या आणि दोनदा उतरणाऱ्या पाण्याचा आम्हाला अंदाज नाही. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे घाईने परत फिरणे तिला जमणार नाही. पौर्णिमेला जावे, असे बाबांचे म्हणणे आहे.

उत्तर (मूळचा साकोलीचा, सध्या देवगड तालुक्यात नोकरीस)
भाऊ, घरातले पंचांग सोबत ठेवा. इकडे तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती येते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, दहाच्या आसपास, सुकती (म्हणजे पूर्ण ओहोटी) लागते. कृष्ण पक्षातही तिथी पुन्हा एकपासूनच मोजावी. पौर्णिमा व अमावास्या या दोन्ही पंधराव्या धराव्यात. हा हिशेब ढोबळ असल्याने निघण्यापूर्वी धक्क्यावरच्या मच्छीमारांना वेळ जरूर विचारावी.

बाबांची पौर्णिमा मात्र मला योग्य वाटत नाही. त्या दिवशी उधाण असते. पाणी दूरवर ओसरते हे खरे, पण तितक्याच जोमाने परत चढते, आणि सुकती पहाटे किंवा संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येत असल्याने थंडीच्या दिवसांत परतताना अंधार पडतो. अष्टमीला सुकती ऐन दुपारी बारा वाजता येते. म्हणून चतुर्थी ते षष्ठी यांपैकी दिवस निवडून सकाळी साडेआठला निघावे, म्हणजे पाणी उतरत असतानाच तुमचे फिरणे पूर्ण होईल. ओल्या कातळावर आईंना नेऊ नका, कारण शेवाळावरून पाय घसरतो आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा तळवा कापतात.

उत्तर (ब्रह्मपुरीची वाचक)
वरील माहितीत थोडी भर घालते. किल्ल्याचे भूशिर समुद्राकडून येणारा मारा अडवते आणि मुखाशी वाळूचा दांडा नाही, त्यामुळे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळातही मोठ्या गलबतांना येथे आसरा मिळत असे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने हेच ठाणे का धरले, हे नकाशापेक्षा धक्क्यावर उभे राहिल्यावर लवकर कळते. १७५६ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, तो वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या मोहिमेत.

खाडीच्या आतल्या अंगाला खडकात कोरलेली मराठा आरमाराची गोदी आहे. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे आणि पाणी ओसरले की कोरड्यावर त्याची दुरुस्ती करायची, अशी ती योजना होती. तेथवर आईंना चालवू नये, रिक्षा करावी.

धानकरी
ताई, भाऊ, आभारी आहे. बाबांनी पंचांग काढले असून शुद्ध पंचमीवर खूण केली आहे. कणकवलीला उतरावे की राजापूर रोडला?

उत्तर (मूळचा साकोलीचा)
कणकवलीला उतरा. तालुक्याकडे जाणाऱ्या एसटी गाड्या तेथून मिळतात. मुक्काम धक्क्याजवळच घ्या, म्हणजे आईंना मध्येच परतावेसे वाटले तरी अडचण येणार नाही.