घरगुती लेथसाठी कटिंग टूल : स्वस्त कुठे चालेल आणि महाग कुठे घ्यावे?

नमस्कार.

कोल्हापुरात घराच्या मागच्या पडवीत मी दोन वर्षांपूर्वी ५५० वॅट मोटरचा टेबल लेथ (धातू फिरवून कापण्याचे यंत्र) आणि एक बेंच ड्रिल बसवले. व्यवसायाने मी हिशेबनीस असून सुट्टीच्या दिवशी वाफेच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती करतो. दिवसभर लोकांचे हिशेब जुळवत असलो तरी स्वतःच्या टूलखरेदीचा हिशेब मला जुळवता आलेला नाही, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

निमित्त असे घडले, की पितळी सिलिंडरवर झाकण बसवण्यासाठी एम४ (४ मिमी व्यासाच्या) आट्यांची सहा भोके करायची होती. पाच नीट झाली. सहाव्यात टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) अडकला आणि थोडा जोर देताच भोकातच तुटला. त्या सिलिंडरवर माझे तीन रविवार खर्ची पडले होते. टॅपवर ‘एचएसएस’ (हाय स्पीड स्टील) असे ठळक छापलेले होते, परंतु हातात उरलेला तुकडा ग्राइंडरला लावला तेव्हा पिवळ्याधमक, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्या उडाल्या. चांगल्या एचएसएस टूलबिटच्या (लेथवर कापायला धार लावून वापरायच्या पोलादी तुकड्याच्या) ठिणग्या मात्र मोजक्या, मंद आणि तांबूस दिसल्या. यावरून तो टॅप साध्या कार्बन पोलादाचा असावा असे मी समजतो.

यापुढे सगळीच टूल नामांकित कंपन्यांची घ्यावीत असे त्या दिवशी ठरवले होते, पण लेथवरचा अनुभव नेमका उलटा आहे. सीसीएमटी ०६०२०४ मापाच्या स्वस्त कार्बाइड इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवायच्या बदलत्या कठीण धारेची) दहाची डबी माझ्याकडे होती. त्याच मापाचे दोन महागडे इन्सर्टही घेतले आणि दोन्ही २५ मिमी व्यासाच्या ईएन८ (मध्यम कार्बन पोलाद) सळईवर चालवून पाहिले. स्वस्त डबीतल्या दोन इन्सर्टनी एकमेकांपेक्षा वेगळे पृष्ठ दिले, एकाने चकचकीत आणि दुसऱ्याने ओरबाडल्यासारखे. महागड्यांचे काम एकसारखे झाले, तरी मी स्वतः धार लावलेल्या १० मिमी चौरस एचएसएस टूलबिटचे काम दोन्हींपेक्षा सरस उतरले. २५ मिमीची सळई मी मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या वर नेत नाही, कारण त्यापुढे टेबलच थरथरते. म्हणजे कटिंग स्पीड (धारेसमोरून धातू सरकण्याचा वेग) मिनिटाला जेमतेम ४७ मीटर पडतो. कार्बाइडला साध्या पोलादावर शंभर मीटरच्या पुढे न्यावे असे सांगतात. मग या यंत्रावर महागडे इन्सर्ट वापरणे म्हणजे बैलगाडीला रेसिंगचे टायर लावणे आहे का? शिवाय सिलिंडरच्या १२ मिमी बोअरसाठी (आतल्या भोकासाठी) रीमर (पाडलेले भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) घ्यायचा आहे, तो कोणत्या प्रतीचा घ्यावा? आणि तुटलेला टॅप काढण्याचा काही उपाय आहे का?

प्रतिसाद

मी टूलरूममध्ये सव्वीस वर्षे काम केले आहे. ठिणग्यांवरून आपण काढलेला निष्कर्ष बरोबर आहे, परंतु सगळा दोष टॅपवर टाकण्याआधी भोक किती मिमीचे पाडले होते ते सांगावे. आपल्याकडे तेरा नगांचा ड्रिल संच असेल, तर त्यात बहुधा अर्ध्या मिमीच्या टप्प्याने मापे असतात आणि वर ३.२ व ४.८ ही रिव्हेटची मापे असतात. एम४ साठी लागणारे ३.३ त्यात नसते. ३.२ च्या भोकात आट्यांची खोली सुमारे ८८ टक्के भरते, ३.३ मध्ये ती ७७ टक्क्यांवर येते, आणि पितळासाठी मी तर ३.४ नेच पाडतो. तेवढ्याने टॅपवरचा भार पुष्कळ हलका होतो. म्हणून सर्वप्रथम २.५, ३.३, ४.२ आणि ५.० ही एम३ ते एम६ ची चार ड्रिल सुटी आणि चांगल्या प्रतीची घ्यावीत. टॅपही टोटेम किंवा ॲडिसन यांसारख्या मेकचे घ्यावेत. टॅप तुटला की नुकसान टॅपाचे नसते, जॉबचे (घडवत असलेल्या भागाचे) असते.

इन्सर्टबाबत आपला अनुभव खरा आहे, परंतु कारण केवळ वेग नाही. त्या क्रमांकातले शेवटचे ०४ म्हणजे टोकाचा ०.४ मिमी त्रिज्येचा गोलावा. लहान लेथवर आपण ०.१ मिमीचा कट घेतला की ते टोक कापत नाही, नुसते घासत राहते. ॲल्युमिनियमसाठी मिळणारे, घासून धारदार केलेले सीसीजीटी इन्सर्ट हलक्या कटवर पोलादालाही छान चालतात, तेव्हा एकदा आणून पाहावेत. एरवी एचएसएसवरच राहावे; एम२ (नेहमीच्या प्रकारच्या एचएसएस) चा टूलबिट पुरेसा आहे, कोबाल्टवाल्या एम३५ चा विचार स्टेनलेस कापायला घ्याल तेव्हा करावा.

रीमर मात्र स्वस्तातला घेऊ नये. १२ मिमी एच७ (भोकाच्या अचूकतेची प्रत) म्हणजे भोक नेमक्या मापापासून जास्तीत जास्त १८ मायक्रॉन मोठे चालते, आणि स्वस्त रीमर त्या मर्यादेत राहील याचा भरवसा नसतो. आधी ११.८ चे भोक पाडावे आणि रीमर कधीही उलटा फिरवू नये.

अडकलेल्या टॅपसाठी तुरटी वापरावी. काचेच्या किंवा इनॅमलच्या भांड्यात तुरटीचे दाट पाणी करून त्यात सिलिंडर पूर्ण बुडवावा आणि पाणी उकळीच्या जवळ ठेवावे. पोलाद हळूहळू विरघळते, पितळाला काही होत नाही. सिलिंडरमध्ये पोलादाचा दुसरा भाग बसवलेला असेल तर तो आधी काढून घ्यावा.

धागाकर्ता

आभारी आहे. भोक ३.२ नेच पाडले होते; माझ्या तेरा नगांच्या संचात ३.३ खरोखरच नाही. काल दुपारपासून सिलिंडर तुरटीच्या पाण्यात ठेवला असून टॅपाभोवती बारीक बुडबुडे येत आहेत. आज सायंकाळी शिवणसुईने टोकरले तेव्हा वरचा भाग काळ्या गाळासारखा सुटून आला, खालचा अजून कडक लागतो. पाणी थंड होऊ द्यावे लागते म्हणून वेळ जातो आहे. मध्येच ताजी तुरटी घालावी, की हेच पाणी चालू ठेवावे?