४ जीबी रॅमच्या क्रोमबुकवर रिॲक्ट-नोड निभेल का?

शिकाऊ_कोडर:
बजेटमध्ये बसतंय ते क्रोमबुक असं आहे: ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरचं स्वस्त फ्लॅश स्टोरेज), मीडियाटेक प्रोसेसर. एचटीएमएल-सीएसएस येतं, आता रिॲक्ट (वेबपेजचा दिसणारा भाग बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) शिकायचंय. की त्याच पैशांत जुना विंडोज लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकू?

टर्मिनलवाला:
शिकण्यापुरतं निभेल. सेटिंग्जमध्ये 'लिनक्स' शोधा आणि लिनक्स डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट सुरू करा. डिस्क १०ऐवजी २० जीबी द्या, नोड मॉड्यूल्स (प्रोजेक्टला लागणारी तयार पॅकेजेस) जागा पटापट खातात. डेव्हलपर मोड मात्र चालू करू नका. त्याची गरज नाही, शिवाय मशीनवरचा सगळा डेटा पुसला जातो.

आत डेबियन हे लिनक्स मिळतं. त्याच्या ॲप्टमधला (सॉफ्टवेअर बसवायचं साधन) नोड बहुधा जुना असतो, म्हणून एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या बसवायचं साधन) एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती घ्या. व्हीएस कोड या एडिटरची डेब (डेबियनसाठीची इन्स्टॉल) फाइल आर्म६४चीच उतरवा. मीडियाटेक म्हणजे आर्म, त्यावर इंटेलची फाइल बसत नाही.

प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. 'डाउनलोड्स' लिनक्सशी शेअर करून तिथं काम केलं की प्रत्येक फाइल व्हर्च्युअल मशीनची सीमा ओलांडून येते. हजारो बारीक फाइली असल्या की एनपीएम इन्स्टॉल (पॅकेजेस उतरवणारी कमांड) रखडतं.

रॅम_आधी:
वरचं सगळं बरोबर, पण ४ जीबीवर मी पैसे घालणार नाही. क्रोमओएस, टॅब आणि लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन याच ४ जीबीत भागवतात. त्यात टाइपस्क्रिप्टचा सर्व्हर, ईएसलिंट (दोन्ही कोडमधल्या चुका दाखवतात) आणि डेव्ह सर्व्हर (लिहिता लिहिता साइट दाखवणारा) एकदम चालले की मागचे टॅब पुन्हा लोड व्हायला लागतात, आणि बिल्ड नुसतं 'किल्ड' लिहून बंद पडते. तेव्हा कोडमध्ये चूक शोधत बसू नका, मेमरी संपल्यावर कर्नलच (लिनक्सचा गाभा) प्रोसेस मारतो. अशा बहुतेक मशीनमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

त्याच किमतीत ८ जीबी आणि एसएसडी असलेला जुना लॅपटॉप मिळत असेल, आणि पुढे डॉकर (ॲप कंटेनरमध्ये चालवायचं साधन), डेटाबेस लागणार असेल, तर तोच घ्या. क्रोमबुकच हवं असेल तर गूगलच्या यादीत त्या मॉडेलची ऑटो अपडेट संपण्याची तारीख बघा. ही मुदत मॉडेलच्या प्लॅटफॉर्मवरून ठरते, तुमच्या खरेदीवरून नाही. शाळा-कंपनीतून आलेलं मशीन असेल तर दुकानातच लिनक्स सुरू करून बघा. ॲडमिनने ते बंद केलेलं असू शकतं आणि रिसेट करूनही त्या संस्थेकडची नोंदणी सुटत नाही.

पोर्ट_५१७३:
एक अडचण हमखास येते, फोनवर साइट तपासताना. रिॲक्टसाठी व्हीट (डेव्ह सर्व्हर देणारं साधन) वापरलं तर साइट ५१७३ पोर्टवर चालते, आणि क्रोमबुकच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ५१७३ सहज उघडतं. फोनसाठी व्हीट 'होस्ट' पर्यायासह चालवा आणि लिनक्सच्या सेटिंग्जमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगला ५१७३ जोडा. व्हीट १००.११५.९२ ने सुरू होणारा पत्ता दाखवेल. तो आतल्या कंटेनरचा (लिनक्स ज्या बंदिस्त जागेत चालतं तिचा), फोनवरून तो उघडणार नाही. फोनवर वायफायच्या तपशिलात दिसणारा क्रोमबुकचा आयपी टाका, पुढे ५१७३ पोर्ट.

पॉवरवॉश (क्रोमबुकचं फॅक्टरी रिसेट) केलं की लिनक्ससकट सगळं जातं, तेव्हा कोड रोज गिटहबवर ढकला. मेमरी अगदीच अपुरी पडली तर गिटहबचं कोडस्पेसेस (क्लाउडवरचं कोडिंगचं मशीन) वापरा, काम ब्राउझरमधूनच होतं. पण मोफत तास मर्यादित असतात, म्हणून काम झालं की ते हाताने थांबवा.